धनुष्य स्वस्तातलं चालेल, पातं नाही

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सप्टेंबरच्या मध्यावर धनुष्यबाणाने हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्याच सुमारास गावाकडून फोन येतो, की रानडुकरांनी रातोरात मका आडवा केला. मी इथे शिकार करतो हे कळल्यापासून नातेवाइकांत दोन तट पडले आहेत. मावशी म्हणते, मुक्या जनावराच्या जिवावर उठून काय मिळतं रे तुला? चुलतभावाचं म्हणणं वेगळं: दादा, अमेरिकेत चालतं ते आमच्या बांधावर का चालत नाही?

दोघांनाही उत्तर द्यायचं तर आधी धनुष्याबद्दल सांगावं लागेल. नव्याने इथे आलेली मराठी मुलं मला पहिल्यांदा खर्चच विचारतात. वर्क व्हिसावर असताना बंदूक बाळगण्याबाबत संघराज्याच्या कायद्याच्या अटी आडव्या येतात. धनुष्य त्या कायद्यात बंदूक धरलं जात नाही, त्यामुळे सुरुवात तिथून करणं सोपं जातं. नामांकित कंपन्यांची नवी कंपाउंड धनुष्यं, म्हणजे टोकांना चाकं आणि केबल असलेली, हजार डॉलरच्या वर जातात. ती घेऊ नका. काही वर्षं वापरलेलं चांगलं कंपाउंड त्याच्या लहानशा हिश्श्यात मिळतं आणि हरणाला त्यातला फरक कळत नाही.

फक्त ते नीट तपासून घ्या. कापसाचा बोळा धनुष्याच्या दोन्ही वाकणाऱ्या बाहूंवरून, म्हणजे लिंबवरून, सावकाश फिरवा. तंतू कुठे अडकले तर तिथे बारीक चीर आहे आणि ते धनुष्य परत ठेवायचं. दोरी फुललेली असेल तर नव्या दोरीचे आणि केबलचे पैसे किमतीत धरा. ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी जितकी मागे ओढली जाते ते अंतर, आपल्या हातांच्या मापाची हवी, नाहीतर नेम कधीच बसत नाही. आणि बाण न लावता दोरी ओढून सोडू नका. बाणात जायची सगळी ताकद मग धनुष्यातच फुटते.

काटकसर इथेच संपते. विस्कॉन्सिनचा नियम किमान 30 पाउंड ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारी ताकद, आणि किमान 7/8 इंच रुंद ब्रॉडहेड, म्हणजे बाणाच्या टोकाचं पातं, मागतो. त्या पात्याची धार कागद अलगद चिरण्याइतकी हवी. बाण रक्तवाहिन्या कापून मारतो, धक्क्याने नव्हे. पुढच्या पायामागून दोन्ही फुप्फुसं भेदली गेली तर हरीण काही सेकंदांत कोसळतं. पातं बोथट असेल किंवा नेम हातभर मागे गेला, तर ते जनावर रात्रभर तळमळतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, वीस यार्डांवरून बाण थंड हातांनी, बसून, वाकून, जाड जॅकेट घालून वहीएवढ्या जागेत सलग पडू लागेपर्यंत परवाना काढू नका. झाडावर बसणार असाल तर हार्नेस, म्हणजे पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा, नवा घ्या. तेवढे पैसे नसतील तर जमिनीवर बसा, तिथूनही शिकार होते.

आता मावशीकडे आणि भावाकडे येतो. इथे 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. मारलेलं हरीण सापडलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद करावी लागते. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा 1937 च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवला. 1972 मध्ये त्यात धनुष्यबाणांची भर पडली. शिकारीच्या नव्या धनुष्यावर निर्मात्याला 11 टक्के कर भरावा लागतो आणि तो पैसा अधिवास, संशोधन आणि शिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे जातो. भावाला यातलं फक्त बाण मारणं दिसतं.

त्याच 1972 साली भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि तो त्या वेळी हवाच होता. पण नंतरचा वाद दोन टोकांवरच अडकला. 2016 मध्ये एकाच केंद्र सरकारमधले दोन मंत्री, पर्यावरण खात्याचे प्रकाश जावडेकर आणि महिला व बालविकास खात्याच्या मनेका गांधी, जनावरं मारण्यावरून जाहीरपणे भिडले. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांनी स्थानिकांना नियंत्रित शिकारीची मुभा द्यावी असं सातत्याने मांडलं, त्यावर शांतपणे चर्चा फारशी झालीच नाही. दरम्यान विदर्भात शेताभोवती वीज सोडलेल्या तारा लागतात. डुकरासाठी लावलेल्या तारेत वाघ मरतात, शेतकरी आणि मजूर मरतात. मावशीला मी हेच सांगतो, की शिकारबंदीने जनावरांचं मरण थांबलेलं नाही. ते रात्रीच्या अंधारात, कोणीही जबाबदार नसताना, जास्त हालांचं झालं आहे.

तरीही धनुष्य गावाकडे नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. कळपाने रात्री येणाऱ्या, जाड कातडीच्या डुकरावर नवख्याने बाण टाकणं म्हणजे जखमी डुक्कर सकाळी खुरपणीच्या बायकांसमोर सोडणं. तिथे हवेत ते वन विभागाने शिकवलेले, नाव नोंदवलेले मोजके बंदूकधारी, तालुक्यातल्या डुकरांची गणना, आणि नुकसानभरपाई पुढचं पीक पेरायच्या आत. परवानगीच्या कागदावर जखमी जनावर शोधून काढायची जबाबदारी कोणाची हेही लिहिलेलं असावं. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, दादा, आमच्याकडे पंचनाम्यालाच महिना लागतो. तो खरं बोलतोय, म्हणून माझा आग्रह आधी पंचनाम्यासाठी आहे.