पोलिसांचे नियम कंपनीकडून विकत का घ्यायचे?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींनी एकदा तरी आपल्या गावच्या पोलिसांचं पॉलिसी मॅन्युअल, म्हणजे त्यांच्या कामाची नियमावली, उघडून बघा. कॅलिफोर्नियात 2020 पासून ते वेबसाइटवर टाकणं कायद्यानेच बंधनकारक आहे. बऱ्याच शहरांच्या मॅन्युअलमध्ये पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: कॉपीराइट लेक्सिपोल, सर्व हक्क राखीव, अमुक पोलीस खात्याकडून परवानगीने प्रकाशित. म्हणजे बळ कधी वापरायचं, बंदूक कधी चालवायची, हे नियम आपलेच पोलीस एका खाजगी कंपनीच्या परवानगीने छापतात! मला हे मुळीच मान्य नाही.

ही कंपनी 2003 मध्ये कॅलिफोर्नियात निघाली. वर्षाची वर्गणी भरा, तयार नियमावली घ्या, कायदा बदलला की दुरुस्त्या येतात. यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या इंग्रिड ईगली आणि जोआना श्वार्ट्झ यांनी 2018 मध्ये तिच्यावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हाच 35 राज्यांतली 3000 हून जास्त खाती तिची गिऱ्हाइकं होती, कॅलिफोर्नियातली तर 95 टक्के. खात्यावर दावे लागू नयेत, लागले तर टिकू नयेत, हा त्या नियमावलीचा भर, असं त्यांनी दाखवलं.

दहा-बारा पोलिसांच्या खात्याला स्वतःचा वकील परवडत नाही, हे खरं. कायद्यात बसणारा कच्चा मसुदा घ्या की विकत. पण कायदा फक्त किमान मर्यादा सांगतो. 2015 मध्ये अलाबामातल्या मॅडिसनमध्ये काय झालं, आठवतं? नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले 57 वर्षांचे आजोबा मुलाच्या घराजवळ पायी फिरत होते. शेजाऱ्याने फोन केला, पोलीस आले. आजोबा सांगत होते, ‘नो इंग्लिश’. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं. मानेला मार बसला, अंगाचा काही भाग लुळा पडला. आणि फौजदारी खटल्यातून तो पोलीस सुटला. म्हणजे कायद्यापुढे गुन्हा ठरला नाही, म्हणून ते वागणं बरोबर ठरत नाही.

आपलेही आई-बाबा सहा महिने येऊन राहतात, संध्याकाळी एकटे फिरायला जातात. इंग्रजी न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाशी पोलिसाने कसं वागावं, थांबून वाट बघावी की हात धरावा, हे दाव्यांची भीती डोक्यात ठेवून लिहिणाऱ्याला कसं सुचणार? ते त्या गल्लीत राहणाऱ्यांनाच विचारायला हवं.

आणि हे होऊ शकतं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये 2016 साली 83 टक्के मतदारांनी नागरिकांचा पोलीस आयोग मंजूर केला. बळाच्या वापराचं धोरण बदलायचं तर तिथे खात्याला या आयोगाची संमती लागते, तीही जाहीर सभेत. वेळ लागतो, वादावादी होते. होऊ दे. बंदुकीच्या नियमांवर वाद घालायचा नाही तर कशावर घालायचा?

तुमच्या सिटी कौन्सिलपुढे नियमावलीच्या वर्गणीचं असं कंत्राट नूतनीकरणाला आलं, तर बऱ्याचदा ते कन्सेंट कॅलेंडरवर, दहा विषयांच्या गठ्ठ्यात, चर्चेविना मंजूर होतं. अजेंडा आधीच जाहीर होतो, तो वाचा. एखाद्या सदस्याला मेल करून तो विषय वेगळा काढायला सांगा. कॅलिफोर्नियात नियमित सभेत बोलायचा हक्क कुणालाही आहे, सिटिझनशिप लागत नाही. एच-1बी व्हिसावाल्यांनीही जा. आई-बाबा इथेच असतील तर त्यांनाही बरोबर न्या.