साहेब चांगला मिळाला, एवढ्यावर किती दिवस?

मी जर्मनीत नोकरी करतो. नागपूरहून फोन आला की हल्ली एक वाक्य ठरलेलं असतं. "तुमचं बरं आहे भाऊ, तिकडचे साहेब माणसाला माणूस तरी समजतात." बोलणारा बहुधा परसोडीच्या आयटी पार्कातला, विमानतळाजवळच्या मिहान सेझमधला, नाहीतर बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतला. तक्रारी खोट्या नाहीत. कुणाचा पगार दोन महिने अडकलेला, कुणाचा राजीनामा मंजूर होऊनही रिलिव्हिंग लेटरचा पत्ता नाही, कुणी तीन महिन्यांचा नोटीस पिरियड पूर्ण भरला तरी वर बाँडचे पैसे मागितलेले. ओळखीतल्या एका प्राध्यापकाच्या मूळ मार्कशीटच कॉलेजने कपाटात ठेवून घेतल्या आहेत, म्हणजे दुसरीकडे जायची सोयच नको.

पण जर्मनीतला साहेब नागपूरच्या साहेबापेक्षा मनाने मोठा असतो, हे मला मान्य नाही. तो ओरडत नाही, एवढंच. डूख धरायचं, चांगलं काम दुसऱ्याला द्यायचं, नको असलेल्या माणसाला कोपऱ्यात बसवायचं, हे सगळं त्यालाही येतं. फक्त माणूस काढायची वेळ आली की त्याला कारण सांगावं लागतं, आणि तेही तिसऱ्याच कुणाला तरी.

हा तिसरा म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती, 'बेट्रीब्सराट'. पाच कायम कर्मचारी असले की ती निवडता येते. तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय कुणाला काढलं तर ते काढणंच रद्द ठरतं. समितीला नकाराधिकार नाही, ती विरोध नोंदवू शकते. पण साहेबाला तिच्यापुढे जाऊन बोलावं लागतं, यातच निम्मं काम होतं. आमच्या विभागात एका मॅनेजरला एक जण नको होता. कारण काय, तर "टीममध्ये बसत नाही". समितीने विचारलं, लेखी समज कधी दिली होती? दिलीच नव्हती. प्रकरण तिथेच मिटलं. (तो गडी खरोखरच कामचुकार होता, हेही सांगून टाकतो. अशा व्यवस्थेत तोही वाचतो, आणि त्याचं काम बाकीच्यांच्या गळ्यात पडतं. मला ती किंमत चालते.)

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. पहिल्या सहा महिन्यांत संरक्षण फार थोडं. छोट्या कंपन्यांत समिती बहुधा नसतेच, आणि आपल्याकडून आलेली पोरं डिलिव्हरीच्या सायकली मारतात तिथे तर विचारायलाच नको. शिवाय व्हिसा नोकरीला बांधलेला असला की माणूस आपोआप गप्प होतो.

आता घरचा वाद. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा 9 वरून 12 तास आणि दुकानं-आस्थापनांत 9 वरून 10 तास करायला मंजुरी दिली. कारखान्यांतल्या ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा 115 वरून 144 तासांवर न्यायलाही मान्यता दिली. त्याआधी 2023 मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींच्या 'आठवड्याला 70 तास काम करा' या सल्ल्यावर घरोघरी भांडून झालंच होतं. तासांचा वाद इथेही आहे: 1918 पासूनचा आठ तासांचा दिवस सोडून आठवड्याची मर्यादा धरावी, असं सध्याच्या जर्मन सरकारच्या मनात आहे. तेव्हा तासांबद्दल मी नागपूरला काय शिकवणार?

मला खटकते ती दुसरीच गोष्ट. ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असं सरकार सांगतं. माझा चुलतभाऊ बुटीबोरीत ठेकेदाराच्या नावावर कामाला आहे. मशीन तेच, शिफ्ट तीच, ठेकेदार मात्र बदलत राहतो, आणि दर वेळी याची नोकरी पहिल्यापासून सुरू. तो म्हणाला, "संमती द्यायला ना कोण म्हणतो? पण नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर नावच नाही राहत. कंपनीला विचारलं तर म्हणते ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणते कंपनीनं सांगितलं." अशा माणसाची संमती कसली घेता?

यावर नागपुरात हमखास एम्प्रेस मिलचं उदाहरण निघतं. जमशेदजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेल्या त्या मिलमध्ये 1886 सालीच पेन्शन फंड होता. मालक असावा तर असा! असावा, नक्कीच. पण त्या जागेवर आज मॉल उभा आहे. मालकाचा भलेपणा नव्या मालकाला वारशाने मिळत नाही.

कागदाचा वारसा मात्र पुढे चालतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या नव्या कामगार संहितांत, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या कायद्यांत, काही कागद चांगले आहेत. नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचं, नोकरी सुटली की देणी दोन कामकाजी दिवसांत चुकती करायची. माझा स्वतःचा हिशोब नागपुरातल्या एका कंपनीने कित्येक महिने लटकवला होता, तेव्हा हे कलम असतं तर निदान तोंडावर फेकता आलं असतं. त्याच संहितांनी कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची अट 100 वरून 300 कामगारांच्या कारखान्यांवर नेली, हेही विसरू नये.

आणि ठेकेदारी? जर्मनीत 2020 मध्ये कत्तलखान्यांत कोरोना पसरला, तेव्हा कुठे लोकांना दिसलं की आतले कामगार कंपनीचे नव्हतेच. 2021 पासून मोठ्या मांस कंपन्यांना जनावरं कापण्याचं आणि मांस तयार करण्याचं मुख्य काम ठेकेदाराच्या माणसांकडून करून घ्यायला बंदी आहे. आपल्या नव्या संहितेतही मुख्य कामाला ठेकेदारी कामगार नकोत, असं लिहिलेलं आहे. पण अपवाद बघा: ते काम एरवीही ठेकेदारामार्फतच होत असेल, तर चालेल. म्हणजे ज्याने वर्षानुवर्षं असाच कारखाना चालवला, त्याची सवयच त्याचा बचाव ठरू शकते. बारा तासांवर जरूर भांडा, पण माझ्या चुलतभावाला विचाराल तर तो या एका ओळीवर आधी भांडेल.