दगडात पॉवर आहे काय?

दगडाचे दागिने विकायला बसलं की पहिल्या अर्ध्या तासात एक गोष्ट कळते. दागिना कुणालाच नको असतो. दगडानं काहीतरी काम करायला पाहिजे. पोराला नोकरी लावायची, गुडघा थांबवायचा, गेला बाजार शेजारणीची नजर तरी काढायची. नुसतं गळ्यात छान दिसणाऱ्या दगडाला आमच्याकडे आळशी समजतात.

बेळगावात रत्नं आणि खनिजांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मीही एक टेबल घेतलं. गुजरातेतल्या खंबायतचा अकीक दगड मागवायचा, घासायचा, भोक पाडायचं आणि चांदीच्या तारेत गुंफायचा, हा माझा उद्योग. खनिजांची कठीणता एक ते दहात मोजणाऱ्या मोहसच्या मापात अकीक ६.५ ते ७. घरातली सुरी त्याच्यावर ओरखडाही काढू शकत नाही. भोक पाडायला हिऱ्याच्या कणांचं ड्रिल लागतं, तेही पाण्यात धरून, कारण ती धूळ फुफ्फुसात गेली तर मग राशीचा खडाही काही करू शकत नाही. हे सगळं मी रंगवून सांगते आणि गिऱ्हाईक मणी डोळ्याला लावून म्हणतं, "भोक जरा वाकडंच आहे की."

शेजारच्या टेबलावर राशीचे खडे होते. तिथं रांग. त्या गृहस्थांकडे पंचांग, लॅमिनेट केलेला तक्ता आणि इवलासा काटा. प्रत्येकाला सव्वापाच नाहीतर सव्वासात रत्तीचा खडा लागत होता. हा सव्वा कुठून येतो कोण जाणे, पण नुसत्या पाच रत्तीवर भागलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंना सुनेला नावाचा पिवळा खडा हवा होता, पुष्कराज परवडत नाही म्हणून. मी सांगून टाकलं, की बाजारातला बहुतेक सुनेला म्हणजे भट्टीत तापवलेला कटेला, मुळात जांभळा खडा. ४००-५०० अंशांची धग दिली की जांभळ्याचा पिवळा होतो. बाईंनी असं तोंड केलं, जसा मी त्यांच्या पुढ्यात शिळा कुंदाच ठेवला होता. उठल्या त्या थेट शेजारच्या रांगेत. तिथं सुनेलाच मिळाला, फक्त भट्टीची गोष्ट न ऐकता.

भाव करण्याची आमची रीत ठरलेली. किंमत मराठीत विचारायची, "कडिमी माडरी" म्हणून कन्नडात घासाघीस करायची आणि "आते है बाद में" हे हिंदीत सांगून निघायचं. सीमेचा वाद कोर्टात असेल तो असो, माझ्या ४५० रुपयांच्या पेंडंटला शंभर म्हणण्यात दोन्हीकडचं एकमत आहे.

पंख्यानं टेबलावरचं कापड उडत होतं म्हणून सासूबाईंनी परसातला एक काळा दगड त्यावर ठेवला होता. दुपारी एक काका तिथंच थबकले.

"अक्का, ह्यो काळा कितीला?"

"विकायचा नाही हो तो. साधा बसाल्ट आहे. साडेसहा कोटी वर्षांमागं लाव्हा थिजून झालेला. निम्म्या दख्खनभर हाच पसरलाय."

"साडेसहा कोटी?" काकांनी दगड उचलून कपाळाला लावला. "मग पॉवर असणारच की. शनीला चालंल नव्हं?"

"अजिबात नाही. काही पॉवर नाही त्यात."

"बघा, न्हाई म्हणूलाल्यात. खोटा माल असता तर होय म्हटला असता."

यावर काय बोलावं ते मला सुचेना. सासूबाईंना सुचलं.

"दोनशे."

"कडिमी माडरी, आजी."

दीडशेवर तुटलं. नोट सासूबाईंच्या कनवटीला गेली आणि माझं कापड पुन्हा फडफडायला लागलं. एवढ्यात शेजारचे राशीवाले आमच्या टेबलावर वाकले.

"आजी, असले आणि हायत काय?"

"हायत की," सासूबाई म्हणाल्या. "खरं तुमच्यासाठी होलसेल जमायचं न्हाई."