आधी सांगा, मी बेळगावचा

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. दोन भजनी मंडळांचे, एक भिशीचा, एक गल्लीचा. 'साठी ओलांडलेल्यांनी एआयच्या नादी लागू नये.' खाली कारणं: इंग्रजी लागतं, बँकेतले पैसे जातात, घरात मुलं असताना हवंय कशाला, आणि ते खोटंच सांगतं. शेवटी हात जोडलेले. बेळगावच्या शहापुरात दर रविवारी मी पाच-सहा वयस्कर मंडळींना मोबाईल शिकवतो, म्हणून हे उत्तर.

इंग्रजी लागतं, हे साफ चूक. माइकचं चिन्ह दाबायचं आणि मराठीत बोलायचं. आपली अडचण इंग्रजीची नाहीच मुळी, कन्नडची आहे. वडगावच्या एक मावशी हेस्कॉमचं विजेचं बिल घेऊन आल्या. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत फुकट म्हणतात, मग मला पैसे का? बिलाचा फोटो काढून एआयला विचारलं, 'यात काय लिहिलंय ते मराठीत सांग.' ओट्टु मोत्त म्हणजे एकूण रक्कम, कोनेय दिनांक म्हणजे भरायची शेवटची तारीख. 'बाकी' मात्र दोन्ही भाषांत 'बाकी'च! पुढं खुलासा आला: सरसकट २०० नाहीत, प्रत्येक घराची हद्द त्याच्या जुन्या सरासरी वापरावरून ठरते, मावशींचा वापर तिच्या वर गेलाय. आम्ही आकडे बिलाशी ताडून बघितले, जुळले. मावशी म्हणाल्या, "एवढंच व्हय? आणि मी तीन दारं हिंडले की!"

पैशांचं थोडक्यात. खाती बहुतेक रिकामी होतात ती फोनवर दरडावणाऱ्या माणसामुळं, 'वीज तोडतो', 'डिजिटल अटक करतो' म्हणणाऱ्या. तरी ओटीपी, पिन एआयलाही सांगू नये, आणि पासबुकाचा फोटो काढताना नंबरावर कागदाची पट्टी ठेवावी. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन.

मुलांना विचारा म्हणे. मुलं पुण्यात! 'बाबा, संध्याकाळी बघतो' यातली संध्याकाळ कधी उजाडते, ते मेसेज लिहिणाऱ्यानं एकदा सांगावं.

राहिलं खोटं सांगणं. हे खरं आहे, आणि आपल्या भागात तर जास्तच. कारण मराठीत विचारलं की एआयला वाटतं, माणूस महाराष्ट्रातला. खानापूरकडच्या एका आप्पांनी शेताचा उतारा कुठं मिळेल विचारलं, तर त्यानं सातबारा, तलाठी असं सगळं समजावून महाराष्ट्राच्या महाभूलेख वेबसाइटचा पत्ता दिला. आप्पा अर्धा तास तिथल्या जिल्ह्यांच्या यादीत बेळगाव शोधत बसले. सापडणार कसं? आपला उतारा म्हणजे आरटीसी, कन्नडमध्ये पहणी. तो कर्नाटकच्या 'भूमी' वेबसाइटवर नाहीतर नाडकचेरीत, म्हणजे जवळच्या महसुली कचेरीत. एका बाईंना बसचं अर्धं तिकीट पडेल म्हणून सांगितलं. ती सवलत तिकडच्या एसटीची. आपल्याकडं जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी बसला बायकांना तिकीटच नाही. १९५६ पासून आम्ही महाराष्ट्रात जायचं म्हणून भांडतोय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, आणि या यंत्रानं एका ओळीत सामील करून टाकलं!

यावर उपाय पहिल्याच वाक्यात आहे: 'मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात राहतो.' एवढं बोलून मग काय ते विचारायचं. बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. तरी पैसे, जमीन आणि गोळ्या यांचं उत्तर कचेरीत किंवा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय धरायचं नाही.

परवा आप्पांनी पेन्शनचा अर्ज बोलून लिहून घेतला. पहिलं वाक्य सांगायला विसरले. मायना आला: मा. तहसीलदार, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव, महाराष्ट्र. "हे खोडायला लागतंय," मी म्हटलं. आप्पांनी बोट स्क्रीनवर नेलं आणि जरा वेळ तसंच धरलं.