मुलगी होणं ‘बाईच्या कुशीचा दोष’? त्या मेसेजला उत्तर

सोलापुरात पालकांच्या ग्रुपवरून एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुलीच होणं हा बाईच्या कुशीचा दोष. सम तारखेला संबंध आला तर मुलगा होतो. तीन मुलींनंतर चौथा मुलगाच. दुसऱ्या महिन्यात ‘खात्रीचं औषध’ घ्यावं. आणि वंश चालतो तो मुलामुळेच. मी ज्यांना दहावीची आनुवंशिकता शिकवतो, त्यांच्याच घरात हे वाचलं जातंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी कुशीचा दोष. आपल्या पेशीत 46 गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे, असतात; त्यांच्या 23 जोड्या. त्यातली एक जोडी बाईत एक्स-एक्स, पुरुषात एक्स-वाय. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना जे अर्धगुणसूत्री विभाजन होतं, त्यात जोडी वेगळी होते. त्यामुळे अंडपेशीत एक्सच येतं. शुक्रपेशींत मात्र साधारण निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. फळ्यावर चौकट आखून वर आईचे दोन एक्स आणि बाजूला बापाचे एक्स, वाय लिहिले. चार घरं भरली, तर वाय फक्त बापाच्या एका ओळीत. विडी घरकुल वस्तीतली एक मुलगी ते बघून म्हणाली, “सर, मग आज्जी आईलाच का बोलती?” तिला द्यायला विज्ञानाकडे एकही कारण नाही. आणि दोष बापाचाही नाही, कारण कोणती शुक्रपेशी पोहोचेल हे त्याच्याही हातात नसतं. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी 1905 साली भुंग्याच्या जातीच्या एका किड्यात वाय गुणसूत्राचा नर असण्याशी संबंध दाखवला. त्यानंतर इतकी वर्षं बायका हे बोलणं ऐकून घेतायत, याचा मला राग येतो.

सम तारखेचं तर गणितच जुळत नाही. शुक्रपेशी बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. अंडपेशी जेमतेम एक दिवस. संबंध चार तारखेला आणि फलन सात तारखेला, असं सहज होतं. शिवाय भिंतीवरच्या एकाच कॅलेंडरात तारीख सम आणि तिथी विषम असते. गुणसूत्रानं कुठली धरायची?

चौथ्या खेपेला निसर्ग मागचा हिशोब मांडून बसत नाही. शक्यता पुन्हा जवळजवळ निम्मी-निम्मीच.

औषधवाले सांगतात, दोन महिन्यांपर्यंत गर्भाचे अवयव ठरलेले नसतात. अर्धं खरं आहे. सुरुवातीला दोन्ही गर्भ सारखेच दिसतात, आणि साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक, म्हणजे गर्भाला नर घडवायला लावणारा भाग, काम सुरू करतं. पण वाय आहे की नाही हे फलनाच्या क्षणीच ठरलेलं असतं, पुडीतून ते आत जात नाही. गर्भवतीनं असली पुडी खाणं धोक्याचं आहे. लिंगनिवडीची जाहिरात करणं हा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा हा मेसेज पुढे पाठवू नका.

आता वंश. मुलाला एक्स मिळतं ते आईकडूनच, आणि तो ते फक्त मुलीला देतो. मुलाला वाय देतो. म्हणजे नातवासाठी हट्ट धरणाऱ्या आज्जीचं एक्स तिच्या लेकाकडून नातीलाच मिळतं, नातवाला नाही. बाकीच्या 22 जोड्यांतलं अर्धं लेक आणि लेकी दोघंही सारखंच पुढे नेतात. तंतुकणिकेतलं (पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकाँड्रियातलं) डीएनए तर आईकडूनच येतं. ते लेकालाही मिळतं, पण पुढच्या पिढीला देते ती लेक.