पायात गोळी घालायची, म्हणे

अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात असा: पिस्तूल घ्या, नेमबाजीच्या रेंजवर नेम पक्का करा, चोर घरात शिरला तर नुसतं दाखवा, ऐकलं नाही तर पायात गोळी घाला, कायदा घरमालकाच्याच बाजूने आहे. सिम्युलेटर (गोळीबाराचा पडद्यावरचा सराव) वगैरे पोरांचे व्हिडिओ गेम, त्यावर पैसे घालवू नका.

मी टेक्सासात राहतो आणि हे पैसे मी घालवलेत. म्हणून मेसेजच्या शेवटापासूनच, सिम्युलेटरपासून, सुरुवात करतो.

हातात खऱ्या वजनाचं पिस्तूल असतं, गोळीऐवजी लेझर. दाबलं की गॅसचा झटका बसतो. समोर माणसाएवढी माणसं पडद्यावर, आणि आपण काय बोलतो ते ऐकून मागे बसलेला प्रशिक्षक प्रसंग पुढे कुठे न्यायचा ते ठरवतो. माझा प्रसंग पार्किंगमधला होता. एक माणूस ओरडत जवळ आला, हात जॅकेटमध्ये. मी "हात दाखव" म्हणालो, त्याने हात झटकन बाहेर काढला. मी गोळी झाडली.

"किती झाडल्यास?" प्रशिक्षकाने विचारलं. "दोन," मी छातीठोकपणे सांगितलं. रेकॉर्डिंगमध्ये पाच निघाल्या. पडद्यावरच्या त्या माणसाच्या हातात फोन होता, आणि तिसऱ्या गोळीआधीच तो खाली पडला होता. मागच्या दुकानातून एक बाई बाबागाडी घेऊन बाहेर येत होती. ती मला दिसलीच नव्हती.

१९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये चार पोलिसांनी अमादू डियालो या निःशस्त्र तरुणावर ४१ गोळ्या झाडल्या. त्याच्या हातात पाकीट होतं. हा ४१ चा आकडा मला कायम अशक्य वाटायचा. आता वाटत नाही. सिम्युलेटरवर मार लागत नाही, त्यामुळे खरी भीती तिथे अर्धीही नसते, हे मान्य. पण अर्ध्या भीतीत माझी ही गत!

आता "पक्का नेम". रेंजवरचा कागद हलत नाही, ओरडत नाही. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ मधल्या नोंदी रँड या संस्थेने तपासल्या. दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला, तेव्हा पोलिसांच्या शंभरातल्या सरासरी १८ गोळ्याच लागल्या होत्या. हे पगारी, प्रशिक्षित लोक. मग पळत्या माणसाचा पाय आपल्याला कसा सापडणार? चुकलेली गोळी कुठे जाते तेही बघा: इथल्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि जिप्समचे बोर्ड. पलीकडे मुलं झोपलेली. आणि लागलीच, तर मांडीतली मोठी धमनी फुटून माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. पायात मारली म्हणून कोर्ट तिला सौम्य मानत नाही. गोळी ती गोळीच.

"आधी नुसतं दाखवा" हे तर गणितातच बसत नाही. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस टुलर यांनी १९८३ मध्ये लिहिलं होतं, की चाकूवाला २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. माझ्या सोफ्यापासून मुख्य दरवाजा १४ फूट आहे. टेप लावून मोजलं. म्हणजे चोर साधारण सेकंदभरात अंगावर. दाखवून वाट बघायला वेळ कुठे?

राहिला कायदा. १९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजला १६ वर्षांचा एक जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि चुकून भलत्याच घरी गेला. घरमालक "फ्रीझ", म्हणजे जागचा हलू नकोस, असं ओरडला. मुलगा थांबला नाही. बहुधा त्याला तो शब्दच कळला नाही. घरमालकाने गोळी झाडली. फौजदारी खटल्यात तो सुटला, पण दिवाणी कोर्टाने साडेसहा लाख डॉलर्सची भरपाई बसवली. मेसेज लिहिणाऱ्याने यातला अर्धाच भाग वाचला असावा.

मला मात्र तो मुलगाच आठवत राहतो. आमच्या कॉलनीतली घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत. बाबा सहा महिन्यांसाठी आले होते, तेव्हा एका संध्याकाळी फिरून परतले आणि आपलंच घर समजून शेजारच्यांच्या गॅरेजचा कोड दाबत उभे राहिले. कानाचं मशीन घरातच विसरलेलं. आतून कोणीतरी दोनदा ओरडलं, ते त्यांना ऐकूच गेलं नाही.