चौकशी ओसरीवरच का थांबते?

बंदुकीच्या परवान्याचा अर्ज पडला की पोलीस त्या माणसाबद्दल कुणाकुणाला विचारतात? शेजाऱ्याला, पोलीस पाटलाला, फार तर सरपंचाला. ठाण्यातलं रेकॉर्ड बघतात, गुन्हा दाखल आहे का तपासतात, घरी येऊन ओसरीवर बसतात, जबाब लिहून घेतात आणि जातात. ज्या बाईच्या उशापासून चार हातांवर ती बंदूक कपाटात राहणार आहे, तिच्याशी काय बोलणं होतं? ‘वहिनी, चहात साखर कमी टाका.’

आमच्या सातारा जिल्ह्यात हा विषय काही परका नाही. अपशिंग्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं, आणि घरटी एक फौजी असलेली गावं इकडं कमी नाहीत. फौजेतून सुटून आलेला माणूस बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभा राहतो. बंदूक आणि परवाना स्वतःचा असेल तर ही नोकरी पटकन मिळते. तिकडं पाटण-जावळीच्या डोंगरात रानडुक्कर आणि गवे उभं पीक एका रात्रीत आडवं करतात, त्यांच्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना असतो. या दोन्ही प्रकारच्या माणसांशी माझं भांडण नाही. तिसरा प्रकार कमरेला पिस्तूल लावून लग्नात रील काढणाऱ्यांचा. त्यांच्यावर इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. हवेत गोळीबार केला तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे त्यांनीही एकदा वाचून ठेवावं.

मला बोलायचंय ते पहिल्या प्रकारातल्याच एका घराबद्दल. नात्यातलं घर आहे, नाव-गाव विचारू नका. सासरे माजी हवालदार. पुढं बरीच वर्षं बँकेत गार्ड होते. शिस्तीचा माणूस. बंदूक साफ करायला बसले की पोरांना अंगणात हाकलायचे, आणि काडतुसांच्या डब्याची किल्ली करगोट्याला. ते गेले आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. मग धाकट्या मुलाच्या मनात आलं की परवाना वारसानं आपल्या नावावर करून घ्यावा. नियमात ती सोय आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक वारला तर वारसाला अर्ज करता येतो. त्याच्या हयातीतसुद्धा, तो सत्तरीला पोचला किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षं झाली, तर करता येतो.

हा धाकटा संध्याकाळी सातनंतर कसा असतो ते त्या घराला माहीत आहे, गल्लीला अर्धवट माहीत आहे, गावाला अजिबात माहीत नाही. गावात तो ‘भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात’. शेजाऱ्यांनी तसाच जबाब दिला आणि तो खोटाही नव्हता. त्यांच्याशी तो चांगलाच वागतो.

घरातल्यांचा संबंध आला तो फक्त ना-हरकत पत्रापुरता. इतर वारसांची हरकत नाही असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं होतं. आईनं अंगठा दिला, थोरल्यानं सही केली, लग्न झालेल्या बहिणीला बोलावून तिचीही सही घेतली. धाकट्याची बायको वारस नाही, त्यामुळं तिची सही लागलीच नाही. म्हणजे जिला सगळ्यात जास्त सांगायचं होतं, तिचं नावसुद्धा त्या कागदावर कुठं नाही. आईला मी नंतर विचारलं, ‘आत्ती, तुम्ही कसा काय अंगठा दिला?’ त्या म्हणाल्या, ‘मला म्हणाला हितं दे, मी दिला. न देऊन राहायचं कुठं?’

आता बाहेरचं बघू. कॅनडात परवान्याच्या अर्जावर नवरा-बायकोची, किंवा मागच्या दोन वर्षांत बरोबर राहिलेल्या जोडीदाराची सही मागतात. सही नसेल तर अधिकारी त्या जोडीदाराला स्वतः कळवतात. न्यूझीलंडमध्ये पोलीस घरी येऊन जोडीदाराशी वेगळं बोलतात. इंग्लंडमध्ये प्लिमथ शहरात १२ ऑगस्ट २०२१ ला एका तरुणानं परवान्याच्या शॉटगननं आधी आपल्या आईला मारलं, मग बाहेर पडून आणखी चौघांना. त्यात तीन वर्षांची एक मुलगी होती. शेवटी स्वतःला संपवलं. आधीच्या एका मारहाणीवरून त्याची बंदूक पोलिसांनी काढून घेतली होती आणि घटनेच्या महिनाभर आधीच परत दिली होती. त्यानंतर तिकडं परवान्याच्या तपासणीवर मोठा गदारोळ झाला, आणि अलीकडच्या सरकारी सूचनांमध्ये जोडीदाराशी व घरातल्या इतरांशी बोलण्याचा मुद्दा आलाय. पहिला बळी घरातलाच होता, हे विसरून चालणार नाही.

यातली कॅनडाची सही इकडं आणा असं कुणी म्हणेल तर माझा विरोध आहे. आपल्याकडं बाईची सही कशी मिळते हे ज्यानं हक्कसोडपत्र होताना बघितलंय त्याला सांगायला नको. बहीण माहेरी येते, जेवते, तहसीलला जाऊन सही करते, साडी घेऊन परत जाते. बंदुकीच्या अर्जावर एक रकाना वाढवला तर तोही तसाच भरला जाईल. वर पुन्हा ‘बायकोची संमती आहे’ असा पुरावा फाइलला लागेल आणि उद्या काही झालं तर तिलाच विचारतील, ‘तेव्हा सही कशी केलीत?’

सही नको, बोलणं हवं. आणि तेही नवरा ओसरीवर बसलेला असताना नाही. महिला पोलीस असावी, शक्यतो त्या बीटची नसावी, कारण बीटवाल्याचं आणि नवऱ्याचं रोजचं रामराम असतं. बायको, आई, वयात आलेली मुलं, प्रत्येकाशी वेगळं बोलावं. ‘तुमची हरकत आहे का’ असं विचारून काही हाती लागणार नाही. कपाटाची किल्ली कुणाकडं असते, काडतुसं वेगळी ठेवता का, रागावल्यावर हे काय करतात, गेल्या वर्षभरात कधी माहेरी किंवा शेजारी जाऊन झोपावं लागलं का, कधी ‘मरून जातो’ असं बोलले का, असं विचारावं. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. घरात बंदूक असली की धोका फक्त दुसऱ्याच्या जिवाला नसतो. अर्जाला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं खरं, पण डॉक्टरकडं माणूस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जातो.

आणि ती जे सांगेल ते अर्जदाराच्या हाती पडू नये. याला कायद्यात आधार आहे. शस्त्र कायदा १९५९, कलम १४ : परवाना नाकारला तर कारण लेखी नोंदवायचं आणि मागितलं तर अर्जदाराला द्यायचं, पण ते देणं सार्वजनिक हिताचं नाही असं परवाना अधिकाऱ्याला वाटलं तर तो देणं नाकारू शकतो. सार्वजनिक हित म्हणजे काय फक्त दंगल आणि निवडणूक? घरगुती हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांतही, कोर्टानं सांगितलं तर संरक्षण अधिकाऱ्यानं पोलिसांच्या मदतीनं हिंसाचारात वापरलेलं हत्यार जप्त करायची तरतूद आहे. म्हणजे बाईनं मार खाल्ल्यावर, कोर्टात गेल्यावर आपण तिचं ऐकतो. तेच चार महिने आधी ऐकायला काय हरकत आहे?

भाऊबंदकीचा मुद्दा लोक काढणारच, आणि तो खोटा नाही. बांधावरून भांडण असलेला चुलतभाऊ एकाच घरात राहत असेल तर तो चांगलं कशाला बोलेल? नवऱ्याशी अबोला असलेली बायको रागात काहीही सांगेल. म्हणून तर घरच्यांचं म्हणणं हा नकाराधिकार करू नका. ती एक माहिती धरा, पडताळून बघा. शेजाऱ्याचा जबाबही भांडणातून आलेला असू शकतो, तरी आपण तो घेतोच ना?

मला जास्त अवघड वाटते ती दुसरी बाजू. गार्डच्या बायकोला विचारलं तर ती खरं सांगेल का? बंदूक गेली की नोकरी गेली, मग हप्ते, पोरांची फी. अशा घरातली बाई ‘सगळं चांगलं आहे’ असंच म्हणेल आणि मी तिच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण दहा घरांतल्या दोघी जरी बोलल्या तरी त्या दोन घरांचा प्रश्न आहे.

बीडमध्ये संतोष देशमुखांच्या हत्येनंतर परवान्यांची फेरतपासणी झाली, शंभराहून जास्त रद्द झाले. पण ती तपासणी कागदावरच्या गुन्ह्यांची. ज्याचा गुन्हा कधी कागदावर आलाच नाही, त्याचा परवाना २०१९ नंतर एकदम पाच वर्षांसाठी असतो. म्हणून हे बोलणं नूतनीकरणालाही व्हायला हवं. पाच वर्षांत माणसाचं पिणं वाढतं, धंदा बुडतो, पोरगा तरुण होऊन किल्ली कुठं असते ते शिकतो.

त्या घरात परवाना शेवटी धाकट्याच्या नावावर झाला. निवडणुकीच्या आचारसंहितेत सहसा बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ मध्ये आधी लोकसभेला, मग विधानसभेला ती तशी जाऊन आली. त्याची बायको मला फोनवर हसत म्हणाली, ‘वन्सं, ही आचारसंहिता बारमाही करता येत नाही का हो?’

ज्यांच्या घरी परवाना आहे त्यांनी सांगा, चौकशीला आलेले घरात कुणाकुणाशी बोलले? पुरुषांनी कमेंटमध्ये लिहा. बायकांनी मेसेंजरवर लिहिलं तरी चालेल, नाव बाहेर जाणार नाही.